डाइव्हनंतर खांदा ठणकतोय, पण मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरने काहीच इशारा दिला नव्हता. हा डिकम्प्रेशन सिकनेस आहे का, कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सकाळी दोन डाइव्ह झाल्या, पहिली २४ मीटरपर्यंत, दुसरी १६. दोन्ही वेळा सेफ्टी स्टॉप केला, म्हणजे वर येताना मधे थोडं थांबलात, कॉम्प्युटरने कुठेही कुरकुर केली नाही. दुपारपासून डावा खांदा ठणकतोय, अंगात त्राण नाही, आणि उद्या सकाळी विमान आहे. बोटीवरचे म्हणतात, सिलिंडर उचलून भरून आलं असेल.

आधी कामाचं सांगतो. खांदा अजून दुखत असेल तर हे उत्तर नंतर वाचा. डाइव्ह सेंटरवर जा, त्यांच्याकडचा शंभर टक्के ऑक्सिजन मास्कने घ्यायला लागा आणि डायव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरांशी बोला. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, ज्याला सगळे डॅन म्हणतात, त्यांची आपत्कालीन फोनलाइन चोवीस तास चालू असते आणि सभासद नसलात तरी ते बोलतात. उद्याचं विमान रद्द समजा. पाय बधिर वाटत असेल, चालताना तोल जात असेल, लघवी होत नसेल, धाप लागत असेल, तर फोनवर चर्चा करत बसू नका, थेट रुग्णवाहिका बोलवा.

मी डॉक्टर नाही. लोकांना पाण्याखाली नेण्याचं काम बरीच वर्षं केलं आणि एकदा स्वतः चेंबरमध्ये, म्हणजे या आजारावर उपचार करायच्या दाबाच्या बंद खोलीत, जाऊन आलो, त्या अधिकारात लिहितोय.

खोल पाण्यात नेमकं काय होतं ते दोन ओळींत. दर १० मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो, म्हणजे २० मीटरवर तो पृष्ठभागाच्या तिप्पट. त्या दाबाने श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि मग स्नायू, चरबी, मज्जातंतूंत विरघळत जातो. वर येताना तो सावकाश फुप्फुसांतून बाहेर पडायला हवा. दाब लवकर उतरला किंवा साठा जास्त झाला की तो जागच्या जागी बुडबुड्यांच्या रूपात सुटतो. हाच डिकम्प्रेशन सिकनेस. दाब कमी केला की अंगात बुडबुडे होतात, हे रॉबर्ट बॉइलने १६७० च्या सुमारास पाहून ठेवलंय, निर्वात भांड्यात ठेवलेल्या एका सापाच्या डोळ्यात. त्यात नायट्रोजनचा हात आहे हे पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ मध्ये दाखवलं.

पण ओळखण्याच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त शिकवलं ते हॉल्डेनच्या बकऱ्यांनी. जॉन स्कॉट हॉल्डेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९०८ मध्ये डिकम्प्रेशनची, म्हणजे किती सावकाश वर यायचं याची, पहिली शास्त्रीय कोष्टकं छापली. त्यासाठी त्यांनी बकऱ्यांना दाबाच्या टाकीत ठेवून बाहेर काढलं होतं. एखाद्या बकरीला सांध्यात दुखू लागलं की ती पुढचा पाय उचलून धरायची, आणि निरीक्षक त्याची नोंद करायचे. इतकं सोपं. बकरी म्हणत नाही की काल रात्री पाय अवघडला होता. डायव्हर म्हणतो. डायव्हर सिलिंडर उचललेलं सांगतो, वेटसूट घट्ट होता म्हणतो, जुनं दुखणं काढतो, ऊन लागलं असेल म्हणतो. आमच्यात अर्धं गमतीने म्हणतात की या आजाराचं पहिलं लक्षण म्हणजे 'मला काही झालेलं नाही'.

माझंच सांगतो. सलग तिसरा दिवस, दिवसाची शेवटची डाइव्ह १८ मीटर. वर आल्याआल्या मी नांगर ओढायला हात लावला. संध्याकाळी उजवं कोपर दुखायला लागलं, दाढ ठणकते तसं, आत कुठेतरी खोल. हात कसाही ठेवला तरी बरं वाटेना, पण दाबून पाहिलं तर दुखरी जागा सापडेना. नांगराचं कारण इतकं चपखल होतं की मी मलम चोळलं, वेदनाशामक गोळी घेतली आणि झोपलो. (डाइव्हनंतर लगेच जोर लावल्याने धोका वाढतो, म्हणजे ज्याला मी सबब म्हणून पुढे केलं तेच कारणांपैकी एक होतं, हे मला तेव्हा सुचलंही नाही.) सकाळी अंघोळीला बसलो. तांब्यातलं गरम पाणी डाव्या मांडीवर चटकन लागलं, उजव्या मांडीवर तेच पाणी कोमट. मी पुन्हा ओतलं. पुन्हा कोमट. तिसऱ्यांदा ओतलं तेव्हा हाताला कंप सुटला होता, आजाराने नव्हे, भीतीने. कोपर एव्हाना जवळजवळ थांबलं होतं.

तर दुखण्याकडे असं पाहा. बेंड्सची, म्हणजे याच आजाराची, वेदना बहुधा खोल, मंद, नेमकं बोट ठेवता न येणारी असते. मनोरंजनासाठी डाइव्ह करणाऱ्यांत ती खांदा आणि कोपरात जास्त दिसते, पुलांचे पाये खणायला दाबाच्या पेटीत उतरणाऱ्या मजुरांत गुडघ्यात जास्त असायची. स्नायू भरून आला असेल तर तो दाबल्यावर दुखतो आणि विशिष्ट हालचालीला कळ येते. पण हा फरक पक्का नाही, त्याच्या भरवशावर विमानात बसू नका. वेळ जास्त विश्वासू आहे. साधारण निम्म्या लोकांत लक्षणं वर आल्यापासून तासाभरात सुरू होतात, बहुतेकांत सहा-आठ तासांत, आणि २४ तासांनंतर पहिल्यांदा काही सुरू होणं विरळच, मधे विमानप्रवास किंवा घाट चढणं झालं नसेल तर. तुमचं दुखणं दुपारी सुरू झालं, म्हणजे वेळेच्या हिशेबात ते बरोब्बर बसतं. खांदा डाइव्हच्या आधीपासून दुखत असता तर गोष्ट वेगळी होती.

थकव्याला लोक मोजतच नाहीत. डाइव्हनंतर सगळेच थकतात. पण नेहमीच्या थकव्याने भूक लागते, झोप येते. हा थकवा फ्लू येण्याआधीच्या अंगासारखा असतो, हात उचलायचा कंटाळा येतो. दुखऱ्या सांध्याच्या जोडीला तो असेल तर मी त्याला लक्षणच धरतो.

कपडे काढून आरशासमोर उभे राहा. पोट, मांड्या, खांदे, छाती पाहा. एका मैत्रिणीच्या पोटावर मला असा डाग दिसला होता: निळसर-जांभळी जाळी, संगमरवरात शिरा असतात तशी, मधे फिकट बेटं. तिला वाटत होतं वेटसूटने घासलं. घासल्याची खूण शिवणीच्या, पट्ट्याच्या रेषेत येते, जेलीफिशचा डंख उघड्या त्वचेवर. ही जाळी सुटाखाली झाकलेल्या, चरबीच्या जागी होती आणि तिथे खाजही होती. नुसती खाज फार गंभीर नसते, पण अशी नक्षी दिसली की डॉक्टर सावध होतात, कारण तिच्याबरोबर पुढे मज्जासंस्थेची लक्षणंही येऊ शकतात. हृदयाच्या दोन वरच्या कप्प्यांमधला, जन्मानंतर बंद व्हायचा झरोका साधारण चारातल्या एका प्रौढात पूर्ण बंद झालेला नसतो. त्यातून बुडबुडे फुप्फुसांची गाळणी चुकवून थेट धमन्यांत जातात. अशी नक्षी उठलेल्यांत तो झरोका बऱ्याचदा सापडतो.

आता सगळ्यात महत्त्वाची पाच मिनिटं. ती एकट्याने करू नका, कुणाला तरी समोर बसवा. डोळे मिटा आणि त्याला तुमच्या दोन्ही हातांना, पोटऱ्यांना, तळव्यांना एकाच वेळी हलका स्पर्श करायला सांगा. दोन्ही बाजू सारख्या लागतात का? त्याची दोन-दोन बोटं दोन्ही मुठींत धरून आवळा. पाय जोडून, डोळे मिटून, हात छातीवर घेऊन अर्धा-एक मिनिट उभे राहा, मग टाचेला टाच लावत सरळ रेषेत दहा पावलं चाला. १०० मधून सात-सात वजा करत जा. गार चमचा एकदा या मांडीला, एकदा त्या मांडीला लावून पाहा. आणि संडासात जाऊन लघवी होते का ते बघा. हे विचारायला संकोच वाटतो म्हणून विचारलं जात नाही, पण पाठीच्या कण्यावर परिणाम झाला की मूत्राशय लवकर संप करतं. पोटाभोवती किंवा पाठीत पट्टा आवळल्यासारखी कळ आली आणि मग पायात मुंग्या आल्या, तर ते फार वाईट चिन्ह आहे. हे सगळं नीट निघालं तरी डिकम्प्रेशन सिकनेस नाही असं ठरत नाही. बिघडलेलं निघालं तर मात्र घाई किती करायची ते ठरतं.

चक्कर आणि उलटी हा वेगळा सापळा. बोटीवर कुणी ओकू लागलं की सगळे म्हणतात, बोट लागली. आतल्या कानात बुडबुडे झाले तरी अगदी तसंच दिसतं. बोट लागलेला माणूस जमिनीवर आला की हळूहळू सावरतो. आतल्या कानाचा रुग्ण किनाऱ्यावरही भिंत धरून चालतो, कधी एका कानाने कमी ऐकू येतं किंवा कानात गुणगुण असते. खाली जातानाच कान दुखला असेल, कानातला दाब समतोल करताना जोर लावला असेल, तर कानाची दाबाने झालेली इजा जास्त संभवते. दोन्हींचे उपचार वेगळे असल्याने हा फरक डॉक्टरांवर सोडा. आणि वर आल्यापासून दहा मिनिटांच्या आत कुणी बेशुद्ध पडला, एक बाजू लुळी पडली, तर फुप्फुस फाटून हवा थेट धमनीत गेल्याची शंका घ्यायची. पहिली मदत तीच, फक्त वेळ आणखी कमी.

राहिला कॉम्प्युटर. तो तुमच्या अंगातला नायट्रोजन मोजत नाही. तो खोली आणि वेळ मोजतो आणि एका काल्पनिक माणसाच्या, बऱ्याच मॉडेलांत १६, कप्प्यांत किती वायू साठला असेल याचा हिशेब मांडतो. तुम्ही पाणी कमी प्यायला होतात, शेवटची वीस मिनिटं कुडकुडत होतात, तुमच्या हृदयात तो झरोका आहे, यातलं त्याला काही कळत नाही. मनगटावरच्या हिशेबाप्रमाणे बिनचूक डाइव्ह करूनही चेंबरमध्ये पोहोचलेले कितीतरी जण आहेत. मीही त्यातलाच. त्यामुळे 'मी मर्यादेत होतो' हे डॉक्टरांना जरूर सांगा, स्वतःची समजूत काढायला वापरू नका.

ऑक्सिजनने खांदा थांबला तर फोन रद्द करू नका. बरं वाटणं हे उलट संशय पक्का करणारं आहे, आणि दुखणं परत येतं. आडवे पडून राहा. डोकं खाली, पाय वर ही जुनी पद्धत आता सोडली आहे. शुद्ध असेल आणि उलटी नसेल तर पाणी प्या, दारू नको. गोळ्या विचारल्याशिवाय नकोत. आणि कुणी सुचवलं की पुन्हा पाच-सात मीटर खाली जाऊन थांब म्हणजे विरेल, तर त्याला प्रेमाने गप्प करा. पाण्यात असताना पाय लुळे पडले किंवा शुद्ध गेली तर माणूस बुडतो.

चेंबरचं भय वाटायचं कारण नाही. नेहमीचा उपचार म्हणजे अमेरिकन नौदलाचं टेबल ६: १८ मीटर खोलीइतका दाब, मास्कने ऑक्सिजन, मधे मधे पाच मिनिटं साधी हवा, मग ९ मीटरवर आणून पुन्हा तेच, एकूण पावणेपाच तास. जड जाते ती कंटाळ्याची बाजू. मला तीन फेऱ्या लागल्या. कोपर पहिल्याच फेरीत थांबलं, मांडीवरचा तळहाताएवढा बधिर तुकडा जायला दोन महिने गेले. रात्रीची गोळी घेऊन झोपण्याऐवजी फोन केला असता तर ते लवकर गेलं असतं का, हे डॉक्टरांनी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. दोन-चार दिवस उशीर झाला तरी उपचाराचा उपयोग होतो, म्हणून आता उशीर झाला असं म्हणून घरी बसू नका.

विमानाचं विचारलंत. काहीही त्रास नसलेल्या माणसाला एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास, एकाहून जास्त डाइव्ह किंवा बऱ्याच दिवसांच्या डाइव्हनंतर १८ तास आणि डिकम्प्रेशन स्टॉप लागलेल्या, म्हणजे वर येताना सक्तीने थांबावं लागलेल्या, डाइव्हनंतर त्याहूनही बराच जास्त वेळ थांबायला सांगतात. तुमच्यासाठी हे आकडे लागूच नाहीत, कारण ते त्रास नसलेल्यांचे आहेत. केबिनमधला दाब सुमारे २४०० मीटर उंचीवर असतो तितका उतरू शकतो. अंगात बुडबुडा असेल तर तो तिथे फुगतो. डॉक्टर सांगतील तेव्हाच चढा.

डॉक्टरांकडे जाताना कॉम्प्युटर बरोबर घ्या, त्यात दोन्ही डाइव्हचा आलेख असतो. दुखणं किती वाजता सुरू झालं आणि तेव्हापासून ते वाढतंय की सरकतंय, हे कागदावर लिहून ठेवा. आणि तुमच्या बडीलाही, म्हणजे जोडीने पाण्यात उतरलेल्या साथीदारालाही, त्या पाच मिनिटांच्या तपासणीला बसवा. तोही तुमच्याबरोबर तेवढाच खोल आणि तेवढाच वेळ होता, आणि तोही कदाचित सिलिंडर उचललेलं सांगत असेल.