उत्तर देण्याआधी थोडे थांब

प्रिय तरुण सहकाऱ्यास,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. तुझ्या ऑनलाइन अभ्यासगटात चाळीस प्रौढ विद्यार्थी आहेत, दर आठवड्याच्या सत्राला त्यांतले निम्मेअधिक न चुकता येतात, सत्र संपताना सगळे आभार मानतात आणि मग पुढच्या सत्रापर्यंत गटात तुझ्याखेरीज कोणाचा शब्द उमटत नाही, हे वाचून मला माझी पहिली तुकडी आठवली. या गटाचा समुदाय कसा होईल, असे तू विचारले आहेस. त्याकडे वळण्याआधी माझी फजिती सांगते.

मी तेव्हा नोकरी सांभाळून शिकणाऱ्या प्रौढांना हिशेबलेखन शिकवत असे. गटात प्रश्न आला की काही मिनिटांत माझे उत्तर जाई, मग रात्रीचे अकरा वाजलेले का असेनात. या तत्परतेचा मला अभिमान होता आणि विद्यार्थीही तिचे कौतुक करीत. पुढे मी आजारी पडले आणि जवळजवळ दोन आठवडे मला गटाकडे फिरकता आले नाही. परत आले तेव्हा पहिल्याच दिवशी आलेले दोन प्रश्न तसेच पडून होते, आणि त्यानंतर एकही संदेश नव्हता. त्या प्रश्नांची उत्तरे गटातल्या कित्येकांना येत होती, किंबहुना त्यांतला एक प्रश्न तर त्यांच्या रोजच्या कामातलाच होता. पण उत्तर देणे हे आपलेही काम आहे असे कोणाला वाटले नव्हते, आणि तसे वाटू नये याची चोख व्यवस्था नकळत मीच करून ठेवली होती. ती सगळी माणसे माझ्याशी जोडलेली होती. त्यांची आपसात ओळखही नव्हती.

म्हणून माझा पहिला आणि बहुधा सर्वांत अवघड सल्ला असा की, प्रश्न आल्यावर थोडे थांब. शक्य असेल तर पूर्ण दिवस थांब. त्या दिवसात हा प्रश्न कोणाकडे वळवता येईल याचा विचार कर आणि त्या व्यक्तीला नाव घेऊन विचार, की अशी अडचण तुमच्या कामात आली होती ना, तेव्हा तुम्ही काय केले होते? सर्वांना उद्देशून टाकलेला प्रश्न बहुतेक वेळा कोणीच आपला मानत नाही. एखाद्याची मुदत संपत आली असेल, किंवा गटात आलेले उत्तर चुकीचे असून त्यावर कोणी कृती करण्याच्या बेतात असेल, तर मात्र न थांबता बोल. अशी दुरुस्ती सर्वांसमोर करताना शब्द जपून वापर. माझ्या एका कोरड्या वाक्यामुळे एक चांगला विद्यार्थी कायमचा गप्प झाला होता, आणि ते माझ्या लक्षात आले तेव्हा अभ्यासक्रम संपला होता.

प्रौढांच्या बाबतीत हे अधिक जपावे लागते. शिक्षणतज्ज्ञ माल्कम नोल्स यांनी १९७० च्या सुमारास अमेरिकेत प्रौढशिक्षणाची जी मांडणी केली, तिच्यात प्रौढाचा अनुभव हे शिकण्याचे मोठे साधन मानले आहे आणि समोरचा प्रश्न सोडवण्याची गरज ही शिकण्याची प्रेरणा मानली आहे. ते खरेच आहे. पण त्याच अनुभवात जुन्या वर्गांतले अपमानही असतात, हे माझे निरीक्षण आहे. कामाच्या ठिकाणी दहा जणांना सूचना देणारा माणूस गटात एक साधा प्रश्न विचारायला महिना घेतो, कारण चारचौघांत चुकण्याची जुनी धास्ती गेलेली नसते. तेव्हा पहिल्या सत्रात नाव, शिक्षण आणि हुद्दा विचारण्याऐवजी या आठवड्यात कामात कुठे अडले ते विचार. हुद्द्यांनी माणसे दूर सरकतात, अडचणींनी जवळ येतात.

ऑनलाइन अध्यापनाच्या अभ्यासक जिली सामन यांनी २००० साली ऑनलाइन शिकण्याचे पाच टप्पे मांडले: प्रवेश आणि प्रेरणा, परस्परांशी परिचय, माहितीची देवाणघेवाण, ज्ञानाची जुळणी आणि शेवटी स्वतःचा विकास. आपण बहुतेक जण पहिल्या दिवसापासून तिसऱ्या टप्प्यावर उडी मारतो आणि गट अबोल का, असे विचारत बसतो. माझे मत विचारशील तर या टप्प्यांना सरळ जिना समजू नकोस; मधेच नवे साधन आणले किंवा दहा नवे सदस्य घेतले की सगळा गट पुन्हा परिचयापाशी येतो. त्याच वर्षी कॅनडातील गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर यांनी शोधक समुदायाची, म्हणजे मिळून शोध घेत शिकणाऱ्या गटाची कल्पना मांडताना विचाराचे, सहवासाचे आणि अध्यापनाचे अस्तित्व असे तीन घटक सांगितले. त्यांतला तिसरा घटक अध्यापनाचा, म्हणजे चर्चेची आखणी करून तिला दिशा देण्याचा आहे, अध्यापकाचा नव्हे. ते काम गटातले कोणीही करू शकते. हा फरक मला वेळीच कळला असता, तर माझी पहिली तुकडी वाचली असती.

आता तुझ्या गप्प बसणाऱ्या सदस्यांविषयी. मोठ्या खुल्या गटांत शंभरांतले नव्वद नुसते वाचतात, असा एक ठोकताळा संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ साली प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून अनेक संयोजकांना हात वर करायला तो सोयीचा झाला आहे. चाळिसांच्या गटाला तो लावू नकोस. त्यापेक्षा नवखा माणूस काठावरच्या लहान कामांतून शिकत हळूहळू समूहात सामावतो, हा शिकण्याचे अभ्यासक जीन लेव्ह आणि एतिएन वेंगर यांनी १९९१ साली मांडलेला विचार तुला अधिक उपयोगी पडेल. लायबेरियातील शिंप्यांकडे शिकणाऱ्या उमेदवारांचा त्यांनी दाखला दिला आहे. ही मुले आधी बटणे लावतात, कडा दुमडतात, म्हणजे कपड्याच्या शेवटच्या कामापासून सुरुवात करतात; मग शिवतात आणि कापड बेतणे सर्वांत शेवटी शिकतात. काम काठावरचे असते, पण खरे असते, त्यात चूक झाली तरी कापड वाया जात नाही, आणि ते करता करता संपूर्ण कपडा कसा बनतो हे नजरेखालून जाते.

तुझ्या गटातली अशी बटणे कोणती, ते शोध. सत्राच्या नोंदी लिहून गटात टाकणे, आठवड्यात आलेले प्रश्न एकत्र करणे, नव्या सदस्याला ध्वनी आणि कॅमेरा कसा सुरू करायचा ते दाखवणे, गैरहजर राहिलेल्याला काय झाले ते कळवणे, ही सगळी लहान कामे आज तू एकहाती करतो आहेस. ती वाटून दे आणि दर महिन्याला बदल. माझ्या दुसऱ्या तुकडीत एक बाई तीन महिने अवाक्षर बोलल्या नव्हत्या. नोंदी लिहिण्याचे काम त्यांच्याकडे आल्यावर एका मुद्द्याचा खुलासा मागण्यासाठी त्यांना दुसऱ्या सदस्याला विचारावे लागले, त्याने विचारल्यापेक्षा जास्त सांगितले, आणि पुढच्या सत्रात त्या दोघांचा जाहीर वाद झाला. मला फार आनंद झाला होता. नोंदींत थोड्या चुका होत्या. त्या मी दुरुस्त केल्या नाहीत, दोन दिवसांनी इतरांनीच केल्या.

याच्या जोडीला चार-पाच जणांच्या लहान तुकड्या कर आणि त्या किमान सहा आठवडे बदलू नकोस. चाळिसांसमोर न बोलणारा माणूस चौघांत बोलतो.

वाद होतील, त्याला घाबरू नकोस. मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी १९६५ साली गटाच्या वाढीच्या चार टप्प्यांत गट जुळल्यानंतर खटके उडण्याचा टप्पा सांगितला आहे आणि नियम त्यानंतर ठरतात असे म्हटले आहे. म्हणून पहिल्या दिवशी नियमांची लांबलचक यादी देण्यात अर्थ नाही. पहिला खटका उडाला की नियम काय असावा ते त्यांनाच ठरवू दे. व्यक्तिगत अपमान मात्र त्याच क्षणी थांबव, तिथे थांबून पाहण्याचा सल्ला लागू नाही.

टकमन यांनी १९७७ साली मेरी अॅन जेन्सेन यांच्यासह पाचवा टप्पा जोडला, तो गट विसर्जित होण्याचा. अभ्यासक्रम संपल्यावरही गट चालू राहावा असा आग्रह धरू नकोस. काहींची गरज भागलेली असेल, त्यांना नीट निरोप दे. ज्यांना राहायचे आहे त्यांतल्या दोघा-तिघांना पुढच्या तुकडीत नवख्यांच्या सोबतीला बसव आणि आधी त्यांनाही सांगून ठेव, की प्रश्न आल्यावर लगेच उत्तर द्यायचे नाही.

महिन्याभराने लिहिशील तेव्हा कोणी कोणाला काय विचारले आणि कोणाकडून उत्तर आले, ते कळव. सत्राला किती जण आले हा आकडा नाही पाठवलास तरी चालेल.

कळावे, लोभ असावा.

तुझी जुनी शिक्षिका