'आंशिक' अवकलज अपुरा असतो का?

सोलापूरहून बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: 'अनेक चलांचं कलन शिकताना पार्शल डेरिव्हेटिव्ह येतो. मराठीत त्याला आंशिक अवकलज म्हणतात. आंशिक म्हणजे अर्धवट ना? मग हा अवकलज अपुरा असतो का? आणि त्या वळणदार डीला (∂) वर्गात सगळे "डो" म्हणतात, ते चालतं का?'

शंका रास्त आहे, कारण मराठीत 'अंश' या शब्दावर कामाचं ओझं फार. अपूर्णांकात तो छेदाच्या डोक्यावर बसतो. कोन त्यातच मोजतात आणि उन्हाळ्यात सोलापूरचा पाराही त्यातच चढतो. शाळा 'अंशतः अनुदानित' म्हटली की मात्र ऐकणाऱ्याला पगारातली तूटच आधी दिसते. अपुरेपणाची छटा शब्दाला अशा वापरातून चिकटली. मूळ अर्थ साधा आहे: वाटा, हिस्सा. गणितात तोच घ्यायचा.

अवकलज म्हणजे बदलाचा दर. सोलापूरचं तापमान घ्या. ते दोन गोष्टींवर अवलंबून आहे असं मानू: जागा आणि वेळ. म्हणजे जागा आणि वेळ हे चल, आणि तापमान त्यांचं फलन. तुम्ही सात रस्त्यावर एकाच जागी थांबलात आणि सकाळी दर तासाला पारा २ अंशांनी चढतोय. जागा स्थिर, वेळ बदलते. हा वेळेच्या सापेक्ष आंशिक अवकलज. आता घड्याळ थांबवलं असं समजा. त्याच क्षणी पुणे नाक्यावरून केगावच्या दिशेने गेलं तर दर किलोमीटरला पारा ०.१ अंशाने कमी भरतो. हा अंतराच्या सापेक्ष आंशिक अवकलज. दोन्ही आपापल्या जागी पूर्ण आहेत. एका चलाच्या फलनाचा अवकलज ज्या सीमेने (लिमिटने) काढतो, त्याच सीमेने हेही काढले आहेत. त्यात काही राहून गेलेलं नाही.

पण तुम्ही ताशी १५ किलोमीटर वेगाने सायकलवरून केगावच्या विद्यापीठाकडे निघालात तर? वेळेमुळे तासाला २ अंश वाढ, अंतरामुळे १.५ अंश घट. तुम्हाला जाणवणारा एकूण बदल तासाला ०.५ अंश. या एकूण बदलात प्रत्येक आंशिक अवकलजाचा एकेक वाटा आहे. म्हणून 'आंशिक'. अपुरा नव्हे, वाट्याचा.

तरीही तुमच्या मनातल्या 'अर्धवट' या अर्थात एक खरी गोष्ट दडली आहे, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. एक्स-वाय या गुणाकाराला एक्सवर्ग अधिक वायवर्गाने भागा आणि आरंभबिंदूवर किंमत शून्य ठेवा. दोन्ही अक्षांवर हे फलन शून्यच राहतं, म्हणून आरंभबिंदूवर दोन्ही आंशिक अवकलज अस्तित्वात आहेत आणि शून्य आहेत. पण एक्स बरोबर वाय या तिरप्या रेषेने या: आरंभबिंदूच्या कितीही जवळ गेलात तरी किंमत एक द्वितीयांशच. म्हणजे फलन तिथे संतत (अखंड) सुद्धा नाही! दोन दिशांची माहिती पक्की असूनही पृष्ठभागाची माहिती होत नाही. अवकलज अपुरा नाही. त्याच्यावरून फलनाबद्दल काढलेला निष्कर्ष अपुरा ठरू शकतो. 'आंशिक' हे विशेषण तेवढी सावधगिरी शिकवतं, म्हणून मला ते आवडतं.

एक जागा मात्र सांभाळा. ही चिन्हं अपूर्णांकासारखी लिहितात, त्यात नावात 'अंश', त्यामुळे वरचं-खालचं छेदून टाकायचा मोह होतो. आदर्श वायूचा दाब, आकारमान आणि तापमान घ्या. दाबाचा आकारमानाच्या सापेक्ष, आकारमानाचा तापमानाच्या सापेक्ष, तापमानाचा दाबाच्या सापेक्ष, प्रत्येक वेळी उरलेली राशी स्थिर ठेवून, असे तीन आंशिक अवकलज काढून गुणा. छेदाछेदी केली तर १ यायला हवा; येतो उणे १. दर वेळी स्थिर धरलेली राशी वेगळी असते, म्हणून.

'खंड अवकलज' का नाही, असंही कोणी विचारेल. खंडग्रास ग्रहण आपण सहज म्हणतो. पण खंड म्हणजे तुटलेला तुकडा. तो इथे अर्थ बिघडवतो. अवकलज काढण्याच्या क्रियेसाठी 'अवकलन' हा शब्द मराठी विश्वकोशातही आहे. 'विकलन' असंही ऐकू येतं. कोणताही एक धरा, एका वहीत दोन नकोत.

राहिला 'डो'. हे चिन्ह १७८६ मध्ये फ्रेंच गणिती लजांद्रने आंशिक अवकलजासाठी वापरलं आणि १८४१ मध्ये जर्मन गणिती याकोबीने पुन्हा रुळवलं. त्याच्या उच्चाराचा नियम कुणी घालून दिलेला नाही. काही जण त्याला 'डेल' म्हणतात, पण पुढे सदिश कलनात उलट्या त्रिकोणालाही 'डेल'च म्हणतात आणि तिथे गोंधळ होतो. 'डो' म्हटलं की तो टळतो. तोंडी परीक्षेतही बिनधास्त 'डो झेड बाय डो एक्स' म्हणा. लिहिताना मात्र कोणता चल स्थिर धरला ते शेजारी नोंदवा.