गुलामांच्या घामावर इंग्लंडच्या गिरण्या उभ्या राहिल्या का?

प्रश्न : गुलामांच्या व्यापारातल्या नफ्यावरच इंग्लंडची औद्योगिक क्रांती झाली, असं कॉलेजात शिकवलं होतं. खरं आहे का?

उत्तर : हे म्हणणं मुख्यतः एरिक विल्यम्स यांचं. त्रिनिदादचे हे इतिहासकार पुढे देशाचे पहिले पंतप्रधान झाले. १९४४च्या ‘कॅपिटलिझम अँड स्लेव्हरी’त त्यांचे दोन मुद्दे आहेत, आणि वाद घालताना लोक त्यांची हमखास गल्लत करतात. पहिला : गुलामव्यापार आणि वेस्ट इंडीजमधल्या उसाच्या मळ्यांतला पैसा ब्रिटिश उद्योगांत मुरला. दुसरा : ब्रिटनची १८०७ची गुलामव्यापारबंदी आणि १८३३चा गुलाममुक्तीचा कायदा निव्वळ भूतदयेतून आला नाही, मळ्यांची सद्दी संपत आली होती. दुसऱ्या मुद्द्याला इतिहासकार सेमूर ड्रेशर यांनी १९७७मध्ये सुरुंग लावला. बंदी आली तेव्हा धंदा चांगला तेजीत होता, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवलं.

पहिल्या मुद्द्यावर अर्थइतिहासकार स्टॅन्ली एंगरमन यांनी आकडेमोड केली : गुलामव्यापाराचा नफा ब्रिटनच्या राष्ट्रीय उत्पन्नापुढे किरकोळ होता. मला हा हिशेब तोकडा वाटतो. जहाजांचे विमे, लिव्हरपूल बंदरातल्या व्यापाऱ्यांची उधारी, साखर, आफ्रिकेत विकायला नेलेलं कापड हे सगळं वगळून फक्त माणसं विकण्यातली कमाई मोजली, तर ती लहानच दिसणार.

प्रश्न : गुलामगिरी ही मागासलेली, सरंजामी पद्धत ना? मग तिचा भांडवलशाहीशी संबंध कसा?

उत्तर : इतिहासकार यूजीन जेनोव्हेझी अमेरिकेच्या गुलामगिरीवर चाललेल्या दक्षिणेबद्दल साधारण असंच मानत. पण मळ्यांच्या हिशेबाच्या वह्या वेगळं बोलतात. इतिहासकार कॅटलिन रोझेंथल यांनी त्या बारकाईने वाचल्या आहेत. थॉमस ॲफ्लेक नावाचा एक गृहस्थ कापूसमळ्यांसाठी छापील वह्याच विकायचा. एका तक्त्यात कोणी रोज किती पौंड कापूस वेचला ते लिहायचं. दुसऱ्यात प्रत्येक गुलामाचं नाव, वय, वर्षारंभीची किंमत, वर्षअखेरची किंमत. मूल वाढलं की किंमत चढायची, माणूस थकला की उतरायची. यंत्राचा घसारा काढावा तसा. हीच माणसं बँकेत तारणही ठेवली जात. जेपी मॉर्गन या अमेरिकी बँकेच्या दोन पूर्वज बँकांनी लुइझियानात सुमारे १३,००० गुलाम तारण घेतले होते, हे तिने २००५मध्ये जाहीरपणे मान्य केलं.

प्रश्न : कापूस वेचण्याचा वेग चाबकामुळे वाढला म्हणतात. पटत नाही.

उत्तर : अमेरिकेच्या दक्षिणेत १८०१ ते १८६२ दरम्यान दर माणशी वेचणी साधारण चौपट झाली. इतिहासकार एडवर्ड बॅप्टिस्ट यांनी त्याचं कारण छळात शोधलं, तर अर्थइतिहासकार ॲलन ओल्मस्टेड आणि पॉल ऱ्होड यांनी सुधारित बियाण्यात. पुरावा बियाण्याच्या बाजूने भक्कम आहे. चाबूक होताच, पण चौपट वाढ त्याच्या खात्यावर टाकता येत नाही.

प्रश्न : मुक्तीनंतर गुलामांना भरपाई मिळाली का?

उत्तर : नाही. ब्रिटनने २ कोटी पौंड दिले ते मालकांना.

प्रश्न (अकोल्याहून) : अमेरिकेतल्या युद्धाने आमच्या कापसाचं सोनं झालं, असं आजोबा सांगायचे. त्याचा इथे संबंध आहे?

उत्तर : थेट आहे. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस अमेरिकेतल्या गुलामांनी वेचलेला असे. १८६१मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्याने तो अडला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. समुद्र भरून जमीन काढणाऱ्या बॅक बे कंपनीच्या शेअरवर लोक वेडे झाले. १८६५मध्ये युद्ध संपलं आणि सगळं कोसळलं. इतिहासकार स्वेन बेकर्ट यांचा प्रश्न इथे उपयोगी पडतो : गुलाम नसताना स्वस्त कापूस मिळवायचा कसा? अमेरिकेत पिकाच्या वाट्यावर दुसऱ्याची जमीन कसणारा वाटेकरी कर्जात बांधला गेला, इकडे शेतकरी सावकाराच्या वहीत. १८७५मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांकडचे कर्जरोखे हिसकावून जाळले, त्यामागच्या कारणांत कापसाची ही घसरणही होती.