एकाच रचनेपुरते उरलेले संगीतकार

पाश्चात्त्य अभिजात संगीतात असे कोण आहेत, ज्यांची एकच रचना सगळ्यांना ठाऊक असते, असं तुम्ही विचारलंय. नावं बरीच निघतील, पण माझ्या मते यात सगळ्यात जास्त तडफड झाली ती माक्स ब्रुख या जर्मन संगीतकाराची. बाकीचे बहुतेक मेल्यानंतर एका रचनेपुरते उरले, हा जिवंतपणीच उरला.

रचना म्हणजे त्याचा जी मायनर या स्वरसप्तकातला पहिला व्हायोलिन कॉन्चेर्तो, म्हणजे एकटं व्हायोलिन आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना. 1866 मध्ये तो पहिल्यांदा वाजला, पण ब्रुखचं समाधान होईना. मग योसेफ योआखिम या बड्या व्हायोलिनवादकाच्या सल्ल्याने त्याने तो बराच बदलला आणि 1868 मध्ये योआखिमनेच नवं रूप वाजवलं. नुसती सुरुवात ऐका. टिंपनीची (वाद्यवृंदातल्या मोठ्या नगाऱ्यांची) दबकी घरघर, सुषिर वाद्यांचं एक छोटं वाक्य, आणि मग एकटं व्हायोलिन सगळ्यात खालच्या मोकळ्या तारेवरून निघून सावकाश वर चढतं. लयीचं बंधन जवळजवळ नाहीच. आपल्या कानाला आलापच वाटतो.

हा कॉन्चेर्तो ब्रुखने प्रकाशकाला एकरकमी विकून टाकला होता. त्यामुळे जगभर तो वाजत राहिला आणि ब्रुख नुसता ऐकत राहिला. पुढे त्याने आणखी दोन व्हायोलिन कॉन्चेर्तो लिहिले, तीन सिम्फनी लिहिल्या. जर्मनीत त्या काळी नाव होतं ते त्याच्या समूहगायनाच्या रचनांचं. पण व्हायोलिनवाले येत ते 'पहिला'च घेऊन. बाकीचेही तितकेच चांगले आहेत, ते वाजवा की, अशी त्याची कुरकुर असे. (तितके नाहीत, हे माझं मत. दुसऱ्याचा पहिला भाग मात्र सुरेख आहे.)

पहिल्या महायुद्धानंतर पैशांची चणचण भासू लागली, तेव्हा त्याने मूळ हस्तलिखित विकायला सुत्रो या दोन अमेरिकन पियानोवादक बहिणींकडे दिलं. 1920 मध्ये तो गेला, तोवर पैसे आले नव्हते. नंतर घरच्यांच्या हातात पडल्या त्या कवडीमोल नोटा! हस्तलिखित आज न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत आहे.

मेल्यानंतर एका रचनेपुरते उरले, त्यांच्यातला एक पाखेलबेल. त्याचा 'कॅनन' (एकच धून एकामागून एक वाद्यं उचलतात अशी रचना) तुम्ही कुठल्या तरी लग्नात ऐकला असेलच. तो माणूस 1706 मध्ये गेला, कॅनन छापून आला 1919 मध्ये, आणि घराघरांत पोचला तो फ्रान्सचा वाद्यवृंद-संचालक पैयार याने 1968 मध्ये संथ लयीत ध्वनिमुद्रित केल्यावर. आल्बिनोनी या जुन्या इटालियन संगीतकाराचं तर आणखीच विचित्र. त्याच्या नावावरचं प्रसिद्ध 'अदाजियो' (संथ लयीची रचना) रेमो जाझोत्तो या विसाव्या शतकातल्या अभ्यासकाने लिहिलेलं. छापलं गेलं 1958 मध्ये. खरा आल्बिनोनी ऐकायचा तर त्याचे ओबो या सुषिर वाद्यासाठीचे कॉन्चेर्तो आहेत.

आणि ब्रुखचं दुसरं काही ऐकायचं असेल तर 'स्कॉटिश फँटसी' लावा. सबंध ऐकायला वेळ नसेल तर निदान तिसरा, संथ भाग.