लॉगिन झालंय, पण फ्रंट-एंडला युजरचं नाव कळत नाही: सेशन डेटा कसा पाठवायचा?

भावा, सर्व्हरला एक्सप्रेसवर लॉगिन होतंय पण फ्रंट-एंडला रिॲक्टमध्ये कुकी वाचायला गेलं की रिकामी येते, असं तू म्हणतोस. ती रिकामीच दिसणार. सेशनची (म्हणजे लॉगिन केलेल्या युजरची सर्व्हरवर ठेवलेली माहिती) कुकी एचटीटीपी-ओन्ली असते, जावास्क्रिप्टला ती दिसू नये म्हणूनच. तो फ्लॅग काढू नकोस!

अंबाबाईच्या देवळाबाहेर चप्पल स्टँडवर टोकन मिळतं ना, कुकी म्हणजे तेवढंच. त्यावर फक्त नंबर, चपला स्टँडवाल्याकडे; तसा खरा डेटा सर्व्हरकडे. म्हणून सर्व्हरलाच विचारायचं. ‘मी कोण’ असा एक छोटा जीईटी रूट (माहिती मागायचा सर्व्हरवरचा पत्ता) कर, त्यात सेशनमधून नाव, आयडी आणि रोल एवढंच जेसन म्हणून परत दे. अख्खं सेशन ऑब्जेक्ट नको. लॉगिन नसेल तर ४०१, म्हणजे ‘आधी लॉगिन कर’ सांगणारा एरर कोड. ॲप सुरू होताना हा रूट एकदा फेच करून उत्तर रिॲक्टच्या कॉन्टेक्स्टमध्ये ठेव, म्हणजे सगळ्या कंपोनंटना मिळेल.

बहुतेक जण अडकतात ते पुढं. फ्रंट-एंड ५१७३ पोर्टवर आणि सर्व्हर ३००० वर असेल तर ब्राउझरच्या लेखी ओरिजिन (प्रोटोकॉल, होस्ट आणि पोर्ट मिळून होणारा पत्ता) वेगळे, फेच आपणहून कुकी पाठवत नाही. फेचच्या क्रेडेन्शियल्स ऑप्शनला ‘इन्क्लूड’ दे. सर्व्हरच्या कॉर्समध्ये (दुसऱ्या ओरिजिनला परवानगी द्यायचं सेटिंग) क्रेडेन्शियल्स चालू कर आणि फ्रंट-एंडचं ओरिजिन नेमकं लिही, तिथं तारांकन (*) चालत नाही. मी तर डेव्हलपमेंटला सरळ प्रॉक्सी लावतो, म्हणजे ब्राउझरला दोन्ही एकाच ओरिजिनवर दिसतात, कटकटच नको.

पान सर्व्हरवरच बनत असेल तर जेसन पानातच घालता येतं, फक्त ‘<’ एस्केप कर, म्हणजे त्याऐवजी \u003c लिही, नाहीतर कुणीतरी नावातच स्क्रिप्ट टॅग घुसवेल.

आणि रोल फक्त बटणं दाखवण्या-लपवण्यापुरता. परवानगी प्रत्येक रिक्वेस्टला सर्व्हरवरच तपास.