ॲमेझॉनमधल्या आदिवासींचे प्रतिनिधी शाश्वत उपजीविका शिकायला परदेशात जातात. त्यातून गावाला खरंच काही मिळतं, की नुसते फोटो?

मिळतं. पण जाणाऱ्याकडे आपल्या गावाचा नेमका प्रश्न असेल तर. पैतेर सुरुई लोकांच्या उदाहरणावरून माझं हे मत झालं आहे, म्हणून तेच जरा सविस्तर सांगते.

ब्राझीलमध्ये रोन्डोनिया आणि मातो ग्रोसो राज्यांच्या सीमेवर हे लोक राहतात. 1969 मध्ये सरकारी माणसांशी त्यांचा पहिला संपर्क झाला आणि पुढच्या काही वर्षांत गोवरासारख्या साथींनी हजारोंचा समाज जेमतेम तीनशेवर आणला. मागोमाग रस्ता आला, जमिनी बळकावणारे आले, लाकूडवाले आले. सुमारे अडीच लाख हेक्टर जंगल कागदोपत्री त्यांचं झालं खरं, पण घरात पैसा हवा तर झाड विकण्यावाचून अनेकांना गत्यंतर नव्हतं.

त्यांचे नेते आल्मिर नारायामोगा सुरुई यांनी एका इंटरनेट कॅफेत गुगल अर्थवर आपला प्रदेश पाहिला. मधे हिरवा तुकडा आणि भोवती सगळं उजाड. 2007 मध्ये ते कॅलिफोर्नियाला गुगलच्या कार्यालयात गेले, ते हेच दाखवायला आणि हे साधन वापरायला शिकवा असं सांगायला. पुढच्याच वर्षी तिथली माणसं शिकवायला रोन्डोनियात आली. मग गावातली मुलं मोबाइल घेऊन जंगलात जाऊ लागली. तोडलेल्या झाडाच्या बुंध्यापाशी थांबायचं, फोटो काढायचा, जागेची नोंद करायची. आधी नुसती तक्रार असायची, आता हातात पुरावा आला. मोबाइलवर नोंद करण्याचं हेच कसब झाडं मोजायला, म्हणजे त्यांच्या कार्बन प्रकल्पालाही उपयोगी पडलं. जंगल राखल्याने जो कार्बन हवेत जात नाही, त्याचं प्रमाणपत्र, म्हणजे कार्बन क्रेडिट, कंपन्यांना विकायचं, असा तो प्रकल्प. 2013 मध्ये नातुरा या ब्राझिलियन सौंदर्यप्रसाधन कंपनीने त्यांच्याकडून 1 लाख 20 हजार टनांचे कार्बन क्रेडिट घेतले. आदिवासींनी स्वतः चालवलेल्या प्रकल्पासाठी ही फार मोठी गोष्ट होती.

पण हा प्रकल्प टिकला नाही. समाजातच त्यावरून मतभेद झाले, काहींनी उघड विरोध केला. जंगलात हिरे आणि सोनं शोधणारे घुसले, तोड पुन्हा वाढली आणि 2018 मध्ये प्रकल्प थांबवावा लागला. परदेशात नेत्याचं कौतुक होत असताना गावात सगळे त्याच्या बाजूने असतीलच असं नाही, हे अशा दौऱ्यांच्या आयोजकांनी आधीच समजून घ्यायला हवं.

आणि कॉफीचं काय झालं, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. 1970 च्या दशकात घुसलेल्या वसाहतवाल्यांनी या जमिनीत कॉफी लावली होती. त्यांना हुसकावल्यावर बागा सुरुईंकडे राहिल्या. पुढे याच कॉफीचा दर्जा सुधारण्यावर काम झालं. त्यात एम्ब्रापा या ब्राझीलच्या सरकारी कृषी संशोधन संस्थेची मदत झाली. पिकलेली लाल फळंच निवडून तोडायची, नीट वाळवायची, वेगळी ठेवायची. आता त्रेस कोरासोएंससारखी ब्राझीलची मोठी कॉफी कंपनी हा माल चांगल्या भावाने घेते. हे शिकायला कुणाला समुद्र ओलांडावा लागला नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की पीक कसं घ्यायचं हे जवळच, आपल्या भाषेत शिकता येतं. परदेशात पाहण्यासारखं आहे ते साखळीचं दुसरं टोक: खरेदीदार चव कशी तपासतो, माल कशावरून नाकारतो, करारात कोणती अट घालतो. आणि तिथे जायला पुन्हापुन्हा तोच भाषण करणारा नेता कशाला? कॉफी तोडणाऱ्या, जंगलातून ब्राझील नट गोळा करणाऱ्या बायकांपैकी दोघींना पाठवा, सोबत त्यांच्या भाषेचा दुभाषी द्या, आणि परतल्यावर पूर्ण गावासमोर बोलायला त्यांना वेळ द्या. खर्च तेवढाच येईल, आणि खरेदीदाराला काय विचारायचं हे त्यांना नेमकं माहीत असेल.