इन्स्टंट गीझर घ्यावा की टाकीचा?

प्रश्न : पुण्यातील जुन्या सदनिकेत आम्ही चौघे राहतो. न्हाणीघर एकच असून सकाळी सात ते आठ या तासाभरात सर्वांच्या आंघोळी उरकाव्या लागतात. आई वयस्कर आहे आणि पाणी बोअरचे आहे. वीज वाचते म्हणून दुकानदार ३ लिटरचा इन्स्टंट गीझर सुचवतात. तो घ्यावा का?

उत्तर : आपल्या घरासाठी २५ लिटरचा टाकीचा गीझरच योग्य, असे माझे स्पष्ट मत आहे. पाणी किती आणि किती अंशांनी तापवायचे यावर विजेचा मुख्य खर्च ठरतो, गीझरच्या प्रकारावर नव्हे. टाकीतून थोडी उष्णता वाया जाते हे खरे. पण आंघोळीआधी पाऊण तास गीझर लावला आणि शेवटची आंघोळ होताच बंद केला, तर ती फारच कमी असते.

खरी अडचण वेळेची आहे. हिवाळ्यात २० अंशांचे पाणी ४० अंशांवर आणताना ३ किलोवॉटचा इन्स्टंट गीझर मिनिटाला जेमतेम २ लिटर पाणी देतो. आत आधीच तापलेल्या ३ लिटरचा आधार धरला, तरी २० लिटरची बादली भरायला सहा-सात मिनिटे लागतात, म्हणजे चौघांची मिळून पंचवीसेक मिनिटे केवळ बादलीकडे पाहण्यात जातात. टाकीतले ६० अंशांचे २५ लिटर पाणी मात्र गार पाणी मिसळून आंघोळीचे ५० लिटर होते, आणि पुढच्या आंघोळीपर्यंत टाकी पुन्हा तापत राहते. आईंसाठी बादलीत आधी गार पाणी घ्यावे, मग गरम सोडावे. हा क्रम घरात सर्वांनी पाळावा, कारण ६० अंशांच्या पाण्याने काही क्षणांत कातडी भाजते.

शिवाय ३ किलोवॉटचा इन्स्टंट गीझर सुमारे १३ अँपिअर वीज ओढतो, तर २ किलोवॉटचा टाकीचा गीझर सुमारे ९. जुन्या वायरिंगला हा फरक जाणवतो. कोणताही गीझर बसवण्याआधी वायर आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

बोअरच्या पाण्याचे क्षार दोन्ही प्रकारांत साचतात. माझ्या घरचा गीझर उघडला, तेव्हा पाणी तापवणाऱ्या एलिमेंटवर चुनखडीसारखा पांढरा, खरखरीत थर चढला होता आणि अॅनोड रॉडची जागोजागी झिजून काडी झाली होती. हा रॉड स्वतः गंजून टाकी वाचवतो. म्हणून वर्षातून एकदा तो तपासून घ्यावा आणि झिजला असेल तर बदलावा.